धाकूच्या सायकलीचं वळण

सायकलीचा सगळ्यात लबाड भाग कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी हँडलखालची ती वीतभर नळी दाखवतो. चेन तुटली तर लगेच कळतं. टायर फुटला तर चार घरांना ऐकू जातं. पण त्या नळीच्या पोटात काय चाललंय ते मिस्त्रीशिवाय कुणाला कळत नाही, आणि कधी कधी मिस्त्रीलाही कळत नाही. हा दुसरा प्रकार माझ्या हातून एकदा घडला. दिवाळीच्या अंकात माणसं आपापल्या यशाच्या गोष्टी लिहितात, फराळाबरोबर त्या गोडही लागतात. मी मात्र एका दुरुस्तीची गोष्ट लिहिणार आहे, जी मी अतिशय उत्तम केली आणि म्हणूनच ती चुकली.

घाटात अजून वाफेची इंजिनं चढत होती तेव्हाची ही गोष्ट. मी कर्जतच्या रेल्वे शेडमध्ये फिटरच्या हाताखाली सहा वर्षं काढली होती. माझं तोंड मला आवरत नसे, त्यामुळे ते काम सुटलं आणि मी दहिवलीच्या रस्त्याला कुडाच्या भिंती घालून सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हा तालुक्यात सायकली फार नव्हत्या. कचेरीतले कारकून, शाळामास्तर, एखादा वैद्य आणि दोन-चार दूधवाले, एवढीच माझी गिऱ्हाइकं. सायकली बहुतेक विलायती आणि कुणीतरी वापरून टाकलेल्या. पण फ्रेम अशा चिवट, की माणूस थकेल पण फ्रेम थकणार नाही. तेव्हा फ्रेम तीच ठेवायची आणि झिजेल ते एकेक काढून नवं घालायचं, हाच माझा धंदा होता.

त्या नळीची रचना आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं त्याला आम्ही चिमटा म्हणतो. चिमट्याची दांडी नळीतून वर येते आणि तिच्यात हँडल बसतं. दांडी नुसतीच घातली तर लोखंडाला लोखंड घासेल, म्हणून नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाला पोलादी वाट्या असतात आणि त्यांच्यात छर्रे, म्हणजे वाटाण्याहून लहान पोलादी गोळ्या. हँडल फिरतं ते या छर्ऱ्यांवर. रस्त्यातला प्रत्येक दगड आधी खालच्या वाटीला मार देतो. आणि माणूस वळून वळून वळतो तरी किती? बहुतेक वेळ तो सरळच जात असतो. त्यामुळे छर्रे वर्षानुवर्षं त्याच जागी बसून मार खातात आणि वाटीत आपापल्यापुरती खाच पाडून घेतात. मग हँडल सरळ आलं की सगळे छर्रे आपापल्या खाचेत जाऊन बसतात. चाक उचलून हँडल एका बोटानं फिरवलं, की मधोमध आल्यावर बारीकसं टक् होतं आणि ते तिथं अडतं. ते टक् ऐकलं की मी सांगायचो, वाट्या गेल्या, बदला.

बदलणं सोपं नसतं. जुनी वाटी नळीत घट्ट रुतलेली असते. दुसऱ्या तोंडातून सळई घालून ती ठोकून काढायची, आणि तेही एकाच जागी ठोकून नाही, गोल फिरत फिरत, नाहीतर नळीचं तोंड वाकडं होतं आणि फ्रेम जन्माची वाया जाते. नवी वाटी लाकडाचा ठोकळा ठेवून बेतानं बसवायची. ग्रीसमध्ये छर्रे एकेक करून चिकटवायचे, एका छर्ऱ्याएवढी जागा मोकळी सोडायची. शेवटी वरचा नट असा आवळायचा, की हँडल खुळखुळू नये आणि जडही होऊ नये. काम जमलं असेल तर पुढचं चाक उचलल्याबरोबर हँडल आपोआप एका बाजूला ढळतं, जेवून बसलेल्या म्हाताऱ्याची मान ढळते तसं. ते ढळताना पाहिलं की माझा जीव सुखावायचा. कल्याणपासून लोणावळ्यापर्यंत हे काम माझ्यासारखं कुणाला येत नाही असं माझं मत होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे.

गिऱ्हाइकाला सायकलीतलं काही कळत नाही, हे माझं दुसरं मत. ते पक्कं केलं खालापूरच्या एका शाळामास्तरांनी. त्यांची सायकल बैलगाडीतून आली होती. वाटेत चिमटा अर्धा फिरून उलटा झाला आणि घरी कुणीतरी नुसतं हँडल सरळ करून दिलं. मास्तर उलट्या चिमट्याची ती सायकल आठ महिने चालवत होते. वळताना पाय चाकाला लागायचा, म्हणून ते प्रत्येक वळणावर खाली उतरायचे, सायकल हातानं वळवायचे आणि पुन्हा बसायचे. माझ्याकडे आले तेही पॅडल कुरकुरतं म्हणून. मी चिमटा सुलटा केला आणि त्यांना एक फेरी मारायला सांगितलं. फेरी मारून आले आणि गंभीरपणे म्हणाले, "आता ही फारच सहज वळते. पूर्वी तिला शिस्त होती." ही गोष्ट मी महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला नकला करून सांगितली. हसून हसून लोकांची पोटं दुखली आणि माझी छाती फुगली. त्याच महिन्यात धाकू माझ्या दुकानात आला.

धाकू कडावचा. वय तिशीच्या आतबाहेर, अंगानं काटक, बोलायला कमी. भाताच्या गिरणीत कामाला असताना पट्ट्यात सापडून त्याचा डावा हात दंडापासून गेला होता. एका हातानं नांगर धरता येत नाही आणि भाताचा भारा बांधता येत नाही. घरात बसून भावांच्या जिवावर खाणं त्याला मानवेना. तेव्हा गावातल्या म्हशींचं दूध रोज सकाळी कर्जत स्टेशनावर नेऊन गाडीत चढवायचं काम त्यानं स्वतः मागून घेतलं. आधी डोक्यावरून न्यायचा. पुढं रेल्वेतला एक ड्रायव्हर नोकरी संपवून आपल्या मुलखाला निघाला, त्याची जुनी सायकल धाकूनं घेतली आणि तीन महिने शेताडीत पडत-धडपडत ती शिकला.

त्याला सायकलीवर चढताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला पाना हातातच राहिला. मागं दोन बाजूंना दुधाचे दोन मोठे डबे आणि हँडलला उजवीकडं एक पितळी चरवी. ही चरवी चंद्राकाकीची. कडावात सगळ्यात जास्त म्हशी तिच्या, आणि आपलं दूध दुसऱ्याच्या पाणचट दुधात मिसळायचं नाही असा तिचा दंडक, म्हणून तिची चरवी वेगळी. दूध हिंदकळू नये म्हणून धाकू वरून धुतलेला पेंढा घालायचा. मग उजव्या हातानं हँडल धरून, छाती सीटला टेकवून तो सगळा भार तोलायचा, दोन ढांगा टाकायचा आणि पाय वरून टाकला की तो गेलेला असे. चिखलात, कुत्री अंगावर येत असताना, समोरून गुरं येत असताना त्यानं सहा वर्षं ते दूध नेलं आणि गाडी एकदाही चुकवली नाही. दोन हात असलेल्या दूधवाल्यांच्या सायकली मी दर महिन्याला सरळ करून देत होतो, त्यामुळे ही काय चीज आहे ते मला कळत होतं.

तो आला तो हँडल करकर करतंय म्हणून. मी चाक उचलून पाहिलं, तर मधोमध टक् काय, चांगलं खट् झालं. म्हटलं, वाट्या गेल्यात, नव्या घालू.

तो म्हणाला, "मिस्त्री, निस्तं ग्रीस भरा. बाकी हात नका लावू. तिला वळण लागलंय."

मी मास्तरांच्या गोष्टीनं आधीच चढलेलो. म्हटलं, सायकलीला कसलं वळण, ती काय सून आहे? तो हसला नाही. आपल्याला नीट सांगता येत नाही असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं, पण ते काय ते विचारायला मी थांबलो नाही.

उघडून पाहिलं तर खालच्या वाटीत बोटाला लागतील एवढ्या खोल खाचा, आणि एका कडेला केसासारखी चीर. ती वाटी कधीतरी उतारावर फुटली असती आणि धाकू तोंडावर आपटला असता. ती बदलायलाच हवी होती, याबद्दल मला आजही शंका नाही. मी वर-खाली दोन्हीकडच्या वाट्या नव्या घातल्या, छर्रे नवे घातले. हँडल असं ढळू लागलं की पाहत राहावं. धाकूनं फेरी मारली आणि म्हणाला, "लई हलकी झालीय." मला ते कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी तो पडला.

माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर ओढ्यावरची एक मोरी आहे. तिथं रस्ता जरा चढतो आणि कडेला उंबराखाली जाखमातेचा शेंदूर लावलेला दगड आहे. बरोबर त्या दगडासमोर धाकू सायकलीसकट आडवा झाला आणि चंद्राकाकीची चरवी रस्त्यावर पालथी झाली. दोन दिवसांनी पुन्हा तसाच, त्याच जागी पडला. सहा वर्षांत जो माणूस पडला नाही तो एका आठवड्यात दोनदा पडला आणि दोन्ही वेळा देवीच्या पुढ्यात. कडावपासून दहिवलीपर्यंत एकच बोलणं सुरू झालं, जाखमाता धाकूला पाडतेय. धाकूलाही ते पटलं. गेल्या साली बोललेला कोंबडा द्यायचा राहून गेल्याचं त्याला आठवलं आणि तो येत्या रविवारी देतो म्हणाला.

दुकानामागंच आमचं घर, आणि अंगणातून मोरी दिसते. माझी बायको रोज सकाळी त्याच वेळी अंगण झाडत असे. शनिवारी मला चहा देताना ती म्हणाली, "आवो, त्याला देवी नाय पाडत. तो तिथं हात सोडतो."

मी विचारलं, म्हणजे?

"म्हंजे काय? येकच हात हाय त्याला. पाया पडायला तोच उचलतो. आदीबी उचलायचा, पन आदी सायकल सरळ जायची."

एवढं ऐकलं आणि मी चहा खाली ठेवला. मोरीवर चढ, त्यामुळे सायकलीचा वेग मेलेला. हँडलला एका बाजूनं चरवीची ओढ. अशा वेळी धाकू हात उचलून कपाळाला आणि छातीला लावायचा, आणि तेवढा वेळ हँडल सरळ धरून ठेवायचं काम त्या झिजलेल्या वाट्या करत होत्या. छर्रे खाचेत बसले की चरवीची ओढ त्यांना हलवू शकत नव्हती. मी मोठेपणानं त्या खाचा काढून टाकल्या आणि लोण्यासारखं हँडल त्याच्या एका हातात दिलं. त्यानं हात सोडला की चरवी आता चाक फिरवत होती. तिला वळण लागलंय असं तो सांगत होता ते हेच, आणि मी सुनेचा विनोद केला.

त्या क्षणी उठून कडावला जायला हवं होतं. मी बायकोला म्हणालो, हे कुणाला बोलू नकोस. महिनाभर मास्तरांची नक्कल करून झाल्यावर आता लोक माझी करतील, ही भीती. शिवाय मनाची समजूत घातली, की चार दिवसांत त्याला हलक्या हँडलची सवय होईल आणि आपोआप सगळं मिटेल.

रविवारी धाकूनं कोंबडा दिला. उंबराजवळ चूल मांडली होती. मलाही बोलावणं होतं, सायकल मी दुरुस्त केली म्हणून मानानं. तांदळाच्या भाकऱ्या आणि झणझणीत रस्सा. धाकूनं एका हातानं भांडं धरून मला दोनदा आग्रह केला आणि मी दोन्ही वेळा घेतला. बायकोनं आपला उपास असल्याचं सांगितलं. तिला रविवारी कधी उपास नसे.

सोमवारी सकाळी तो तिसऱ्यांदा पडला, आणि या वेळी उजव्या अंगावर. मी धावत गेलो. दोन्ही डबे गडगडत खाली गेले होते आणि दूध मोरीच्या दगडांवरून ओढ्यात उतरत होतं. धाकूचं तिकडं लक्ष नव्हतं. तो रस्त्यात बसून आपल्या उजव्या हाताकडं पाहत होता. मनगट सुजायला लागलं होतं, कोपरापर्यंत कातडी सोलवटलेली. तो बोटं मिटत होता आणि उघडत होता, मिटत होता आणि उघडत होता. बोटं चालतात का ते बघत होता. मी त्याला उठवायला वाकलो खरा, पण त्याच्या तोंडाकडं पाहायची मला हिंमत झाली नाही.

त्याच दिवशी चंद्राकाकीनं सांगून टाकलं, की देवीला नको असलेल्या माणसाच्या हाती ती दूध देणार नाही. तिनं चरवी बंद केली म्हटल्यावर बाकीच्यांचे डबेही बंद झाले. दूध दुसरा कुणीतरी बैलगाडीनं नेऊ लागला. तीन दिवसांनी धाकू हाताला हळदीचं फडकं बांधून चालत माझ्या दुकानात आला. हाड मोडलं नव्हतं. तो म्हणाला, सायकलीला कुणी गिऱ्हाईक असेल तर बघा, आता ती ठेवून काय करू.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हणालो, "धाकू, तुला देवीनं नाही पाडलं. मी पाडलं."

आधी त्याला समजेना. सोमवारपासून दुकानातच पडून असलेल्या त्याच्या सायकलीचं चाक उचलून मी हँडल कसं ढळतं ते दाखवलं. भंगाराच्या डब्यातून जुनी वाटी काढून त्याच्या हातात दिली आणि तिच्या खाचांवरून त्याचं बोट फिरवलं. तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "म्हंजे देवीचा राग नाय?" आणि त्याचे डोळे भरून आले. आठवडाभर हा माणूस आपल्यावर देवीचा कोप आहे असं समजून जगत होता, आणि त्यातले कितीतरी दिवस मला खरं माहीत होतं.

मी एक सोपा उपाय सुचवला. म्हटलं, मोरीवर हात सोडू नकोस, नुसती मान लवव. देवीला समजेल.

त्यानं वाटी खाली ठेवली. "मिस्त्री, पाया पडायला दोन हात लागतात. मी येकावर भागवतो. आता तोबी नको म्हनता?"

म्हणजे आता सायकलच त्याच्याप्रमाणं व्हायला हवी होती. चीर गेलेली जुनी वाटी पुन्हा घालणं शक्य नव्हतं. नव्या वाटीत छिन्नीनं खाचा पाडायच्या, तर त्या सहा वर्षांच्या रस्त्यानं पाडल्या तशा पडणार नाहीत. दुसरी काहीतरी युक्ती काढतो बघ, म्हणालो. पण त्याला दुसरीच काळजी होती. सायकल सुधारेल, गावाला कोण सांगणार? मी म्हणालो, ते मी सांगतो, उद्या सकाळी चंद्राकाकीला मोरीवर घेऊन ये.

नुसतं सांगून लोक ऐकणार नव्हते. छर्रे आणि खाचा यांची गोष्ट मी सांगितली असती आणि लोकांनी मान डोलावून पुन्हा देवीचंच नाव घेतलं असतं. दुसऱ्या दिवशी मी धाकूच्या सायकलीला, होती तशीच, डबे पाण्यानं भरून लावले. हँडलला पाण्याची चरवी. बायकोनं माझा डावा हात सदऱ्याच्या आत घालून उपरण्यानं करकचून बांधला. बांधताना तिनं गाठ जरा जास्तच आवळली. मोरीवर चंद्राकाकी, कडावची पाच-सहा माणसं आणि बाजाराला निघालेल्या बायका उभ्या होत्या. मी निघालो, उंबरापाशी आलो, उजवा हात कपाळाला नेला आणि सरळ गटारात गेलो.

चंद्राकाकी वरून म्हणाली, "आजवर कदी हात जोडला नाय रं देवीला. आज जोडलास तोबी खोटा. पडशील नाय तर काय."

लोक हसले. मी उठलो, डबे पुन्हा भरले. उंबर ओलांडून पन्नास पावलं पुढं, जिथं तसाच चढ आहे पण देवी नाही, तिथं हात सोडून डोकं खाजवलं आणि पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा माझ्या स्वतःच्या दुकानासमोर, सावकाश चालवत, नुसता हात वर केला, आणि गुडघा फोडून घेतला. आता कुणी हसत नव्हतं. मी रस्त्यात बसूनच सांगितलं, की धाकूची सायकल जुन्या वाट्यांच्या जोरावर सरळ जात होती, त्या मी काढल्या, आणि तो का पडतो ते कळल्यावरही मी गप्प बसलो.

चंद्राकाकीनं विचारलं, "कोंबडा खाताना ठावं व्हतं?"

"होतं."

तिनं पदर सारखा केला आणि उंबराकडं एकदा पाहिलं. "मंग देवीनं आज पाडला तो बराबर मानूस पाडला. धाकूची सायकल नीट कर. चरवी देते मी."

तिनं देवीलाही सोडलं नाही आणि मलाही सोडलं नाही. पण धाकू सुटला, आणि मला तेवढंच हवं होतं.

मग मी कामाला लागलो. चांभाराकडून जुन्या पखालीचं कातडं आणलं, करंजीच्या तेलात भिजवलं आणि त्याची गोल चकती कापून वरच्या नटाखाली घातली. कातडं दांडीला धरून ठेवेल आणि हँडल हातानं वळेल, पण आपण होऊन ढळणार नाही, असा हिशेब. पहिली चकती जाड झाली, हँडल बैलगाडीच्या जोखडासारखं जड. दुसरी पातळ झाली. तिसरी बसवली, चाक उचललं, हँडल जिथं सोडलं तिथंच थांबलं. जे ढळताना पाहून माझा जीव सुखावायचा ते आता मुद्दाम थांबवलं होतं, आणि एवढ्या वर्षांत मी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. ती चकती दर पावसाळ्याआधी मी बदलत असे, आणि धाकूनं पुढं बरीच वर्षं दूध नेलं. तेव्हापासून पान्याला हात लावण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारायला लागलो, की बाबा, तू ही चालवतोस कशी, चालवून दाखव. खालापूरच्या मास्तरांची गोष्ट सांगणं मी बंद केलं.

मनगटाची सूज उतरल्यावर धाकू पहिल्यांदा दूध घेऊन निघाला ती सकाळ मला लख्ख आठवते. मी दुकानाच्या दारात उभा होतो. कामाचं निमित्त म्हणून हातात पाना धरला होता, पण काम कसलंच नव्हतं. धाकू मोरीवर आला. चढावर वेग मेला. त्यानं हँडल सोडलं, हात कपाळाला लावला, छातीला लावला, आणि घाई न करता परत हँडलवर ठेवला. चाक केसभरही हललं नाही. पेंढ्याखालचं दूधही हललं नसेल. मागं अंगणात केरसुणीचा थांबलेला आवाज पुन्हा सुरू झाला.

तो माझ्या दारासमोर आला. मला वाटलं, एक नजर टाकेल आणि जाईल; गाडीची वेळ झाली होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा हँडल सोडलं. भरल्या डब्यांनिशी, उघड्या रस्त्यावर, तोच हात त्यानं कपाळाला नेला आणि छातीला लावला. ज्यानं त्याला तीनदा पाडलं होतं आणि वर त्याचा कोंबडा खाल्ला होता, त्या माणसाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाना खाली टाकला आणि हात जोडले. माझ्याकडं दोन होते.